तोंड धुताना जाणारा तोल

चिठ्ठीवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं: ‘अशक्तपणा, आहार सल्ला.’ बाई ५१ वर्षांच्या. सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी आहार मुळापासून बदलला. दूध, दही, अंडी, मासे, मांस सगळं बंद. सबंध धान्यं, डाळी, पालेभाज्या, फळं, बिया सुरू. गुणही आला होता. वजन ११ किलोंनी उतरलेलं, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ वरून ६.४ टक्क्यांवर, गोळ्यांत मेटफॉर्मिन तेवढं उरलेलं. नैसर्गिक आहाराने प्रकृती किती सुधारते, याचं उदाहरण म्हणून दाखवावी अशी फाईल.

आहाराची माहिती घेताना ‘काय काय खाता?’ असं विचारून भागत नाही. माणूस त्यातलं चांगलं तेवढंच सांगतो. कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत क्रमाने काढायचा, मग काय काय बंद केलं आणि कधीपासून, तेही विचारायचं. आम्ही अजून सकाळपाशीच होतो, तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, “हल्ली एका हाताने बेसिन धरूनच तोंड धुते. डोळे मिटले की तोल जातो बघा.”

अशक्तपणाने तोल असा जात नाही. पाय कुठे टेकलेत ही जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तंतूंतून मेंदूकडे जाते. ते तंतू बिघडले की माणूस नजरेच्या आधारावर उभा राहतो. डोळे मिटले किंवा अंधार झाला की डुलायला लागतो. खोदून विचारल्यावर कळलं, की आठ महिन्यांपासून दोन्ही तळव्यांना मुंग्या येत होत्या आणि पायातली चप्पल निसटली तरी समजत नव्हतं. साखरेमुळे होत असेल म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं.

मनात आलं ते बी१२ हे जीवनसत्त्व; बाईंनी बंद केलेल्या पदार्थांतूनच ते मिळतं. पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२.२ आणि पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ९८; दोन्ही ठीक. बी१२ कमी पडलं की रक्त उतरतं आणि तांबड्या पेशी मोठ्या होतात हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे असा रिपोर्ट पाहून कुणीही पुढे जातं. उलगडा गोळ्यांच्या पिशवीत झाला. थकव्यासाठी कुणीतरी सुचवलेली फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी त्या वर्षभर घेत होत्या. फॉलिक ॲसिड रक्तपेशींचं काम बी१२शिवायही चालवून नेतं. मज्जातंतूंच्या आवरणाचं काम मात्र त्याला जमत नाही. म्हणजे रक्त सुधारतं, रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि आत तंतू झिजतच राहतात.

मग पहिली पाच वर्षं काही जाणवलं कसं नाही? शरीरात बी१२चा साठा साधारण २ ते ५ मिलिग्रॅम असतो आणि त्यातला दिवसाला जेमतेम हजारावा भाग खर्च होतो. पित्तातून आतड्यात उतरलेलं बी१२सुद्धा बरंचसं परत शोषलं जातं. त्यामुळे आहारातून ते पूर्ण गेलं तरी शरीर कित्येक वर्षं साठ्यावर काढतं. आहार बदलल्यावर पहिली दोन-तीन वर्षं छान गेली, यावरून तो आहार पुरा आहे असं ठरवता येत नाही ते याचसाठी. त्यात मेटफॉर्मिन बी१२चं शोषण कमी करतं, म्हणजे साठा संपायला आणखी एक वाट.

“पण मी रोज स्पिरुलिना घेते,” बाईंनी त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या भुकटीचा डबा पुढे केला. “यात बी१२ आहे असं लिहिलंय.” लिहिलेलं खरंच होतं. मात्र स्पिरुलिनात बहुतांश असतं ते बी१२सारखं दिसणारं संयुग, आणि ते माणसाच्या शरीरात काम करत नाही. जिवाणू वापरून केलेल्या मोजणीत दोन्ही एकत्र मोजली जातात, म्हणून आकडा मोठा दिसतो. बी१२ बनवतात ते फक्त सूक्ष्मजीव. रवंथ करणाऱ्या जनावरांना ते पोटातल्या जिवाणूंकडून मिळतं. वनस्पतींना त्याची गरजच नसते.

बाईंना त्याच दिवशी परत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सेकंदाला १२८ कंपनांचा नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. “काही जाणवतंय?” “गार लागतंय.” कंपन नव्हतंच. घोट्यावरही नाही, गुडघ्यावर पुसट.

बी१२चं इंजेक्शन देण्याआधी रक्त घेतलं. हा क्रम चुकला तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. बी१२ निघालं मिलिलिटरला १४६ पिकोग्रॅम; २००च्या खाली कमतरता धरतात. बी१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही दोन द्रव्यं वाढतात. पण फॉलिक ॲसिडने होमोसिस्टीन खाली येतं, त्यामुळे त्यावर विसंबता येत नव्हतं. म्हणून मिथाइलमॅलोनिक ॲसिड मागवलं, ते चांगलंच वाढलेलं होतं. मग १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन दिवसाआड सुरू झालं. फॉलिक ॲसिड थांबवलं.

बाईंचा आहार मी मोडला नाही. त्या आहारानेच त्यांची साखर आवाक्यात आणली होती. त्यात कमी होतं ते एकच आणि तेवढंच भरायचं होतं. रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम, पण एका वेळी शरीर नीट उचलतं ते दीड-दोन मायक्रोग्रॅमच, त्यापुढच्या डोसमधलं सुमारे एक टक्का झिरपतं. म्हणून पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने एक तर बी१२ घातलेले पदार्थ दिवसातून दोन-तीनदा घेऊन ३ मायक्रोग्रॅम गाठावेत, नाहीतर रोज १० किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. इंजेक्शनं संपल्यावर या बाईंना, मेटफॉर्मिन चालू असल्याने, डॉक्टरांनी रोज १००० लावली. वेष्टनावर ‘सायनोकोबालामिन’ किंवा ‘मिथाइलकोबालामिन’ ही बी१२ची नावं शोधायची, ‘नैसर्गिक स्रोत’ एवढ्यावर थांबायचं नाही, हे त्यांना वहीत लिहून दिलं.

तीन महिन्यांनी बेसिन सुटलं. दोन्ही हातांनी तोंड धुते, म्हणाल्या. नऊ महिन्यांनी घोट्यावर नादकाटा कळू लागला. अंगठ्यांवर अजून कळत नाही, आणि रात्री उठताना त्या आधी दिवा लावतात.