जेव्हा तू माझा डबा खातोस

मी मालवण आणि देवगड तालुक्यातल्या सहा हायस्कुलांत आठवी-नववीच्या पोरांचे जीवनकौशल्यांचे तास घेते. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात अर्धं काम म्हणजे एसटीची वाट बघणं आणि उरलेलं अर्धं म्हणजे पीटीचा तास कापून मिळालेल्या वेळात पोरांच्या शिव्या खाणं. तर ही गोष्ट किनाऱ्यावरच्या एका शाळेतली, नववीच्या वर्गातली. गाव सांगत नाही, पोरांची नावंही नाही, थोडे तपशील इकडचे तिकडे केलेत. पण दोघांना काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून एकाला बांगडो म्हणूया आणि दुसऱ्याला पेडवो. दोन्ही माशांचीच नावं, पण दोघंही मासेमारांचीच पोरं, चालेल त्यांना.

बांगड्याचं घर रापणीतलं. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी मिळून ओढायची, जो ओढेल त्याला वाटा. पेडव्याचे वडील पर्ससीनच्या बोटीवर खलाशी, रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर असतात, पंधरा दिवसांनी वगैरे घरी येतात. ज्यांना इकडचं माहितीय त्यांना एवढ्यातच कळलं असेल. पर्ससीन म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढून खालून दोरी आवळायची, बटव्याची नाडी ओढावी तशी, आणि आपल्या पुढ्यात मग काही येतच नाही असं रापणवाल्यांचं म्हणणं. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लाइट लावून मासेमारी करायला बंदी केली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच आणि इकडे किनाऱ्यावर भांडणं होतातच. मोर्चे झालेत, समुद्रात बोटी अडवून झाल्यात. आणि या सगळ्यात चौथीपासून एका बाकावर बसणारी ही दोन पोरं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. वर्गशिक्षक, म्हणजे गणिताचे सर, मला जिन्यातच म्हणाले की मॅडम तुमचे दोघे टाकीमागे मारामारी करत होते, व्हॉट्सॅपवरून काहीतरी झालंय, जरा बघा. आणि मी काय बघितलं? तर दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं, मैत्री किती महत्त्वाची यावर पाच मिनिटं बोलले, शेकहँड करायला लावला आणि रिपोर्टला लागतो म्हणून त्याचा फोटो काढला. व्हॉट्सॅपवर नेमकं काय झालं हे विचारलंच नाही, कारण ४:५० ची गाडी चुकली की पुढची थेट सव्वासहाला. फोटोत दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, एकमेकांकडे नाही. हे मला नंतर दिसलं.

पुढच्या बुधवारचा विषय होता राग आणि बोलणं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली जी दहा जीवनकौशल्यं सांगितली त्यात भावना हाताळणं, संवाद, नातेसंबंध हे सगळं येतं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये ती यादी पाढ्यासारखी पाठ करून घेतलेली. तर माझ्याकडे छापील कार्डं होती. वर प्रसंग आणि खाली एक वाक्य: 'जेव्हा तू ___ तेव्हा मला ___ वाटतं, कारण ___'. हे थॉमस गॉर्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, साठच्या दशकापासूनचं. आयडिया चांगलीये, की 'तू नेहमीच असा' म्हणून समोरच्यावर बोट रोखण्यापेक्षा आपलं काय झालं ते सांगायचं, म्हणजे तो लगेच ढाल काढत नाही.

पहिलाच पोरगा उठला आणि दशावतारातल्या राजासारखा हात वर करून म्हणाला, 'जेव्हा तू माझा डबा खातोस तेव्हा मला अत्यंत दुःख वाटतं!' वर्ग कोसळला. बाहेर परतीचा पाऊस, आत ३१ पोरं खिदळतायत, आणि मागून एक आवाज, 'मॅडम, असा कोण बोलता? घरात असा बोललंय तर आवस इचारतली, ताप-बिप इलो काय रे तुका?'

पोरगा बरोबर बोलत होता हो. मी इतकी वर्षं ती कार्डं वाटतेय आणि माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा तसं कोणी बोलत नाही. मी एकदा प्रयत्न केला होता तर माझी अकरावीतली लेक म्हणाली, आई, सेशन नको घेऊस ना.

मग म्हटलं ठीकाय, मालवणीत बोला. जरा वेळ कोणीच बोलेना, शाळेत मालवणी बोललं की ओरडा मिळतो ही सवय. मग खिडकीजवळची एक मुलगी मैत्रिणीकडे बघून हळूच म्हणाली, 'तू माका सांगाक नाय आणि गेलंस, माका कसासाच झाला गो. फुडच्या टायमाक सांग.' झालं की! गॉर्डनसाहेबांचं सगळं त्यात आलं, काय केलंस, मला काय झालं, पुढे काय हवंय. आणि तो 'गो' आहे ना शेवटी, तो कुठल्याच कार्डात नाही.

मग फळ्यावर शब्द लिहायला घेतले, मन बिघडतं तेव्हा तुम्ही काय म्हणता. मुलींकडून भराभर आले, कसासाच झाला, रडाक इला, लाज वाटली, भियालंय, कंटाळो इलो. मुलग्यांकडून एकच, राग. दुसरा विचारला तर म्हणे 'लय राग'. डबा खाल्ला तरी राग, बाप ओरडला तरी राग, आजी गेली तेव्हा काय वाटलं तर तेव्हापण राग. बाकी काही म्हणायला त्यांना कोणी दिलेलंच नाही. यावर मी बोलणार होते, नोट्स काढून आणलेल्या.

पण आधी जोड्या पाडल्या. रोल नंबरप्रमाणे, डोकं न वापरता. त्यात बांगडो आणि पेडवो समोरासमोर आले, मी पाहिलं आणि मनात म्हटलं बरंच झालं, गेल्या आठवड्यात मिटलंय, आता सराव होईल. आणि कार्डांचा गठ्ठा फिरवला. त्यांच्या वाट्याला चार नंबरचं आलं. प्रसंग असा: 'मित्राने आपल्याबद्दल ग्रुपवर काहीतरी टाकलं.'

पेडव्याने वाचलं. 'जेव्हा तू' एवढं मोठ्याने म्हणाला आणि थांबला. बांगडो हसला. ते हसू घाबरल्याचं होतं हे मी आज सांगू शकते, तेव्हा मलाही ते माजोरडंच वाटलं. पुढच्या सेकंदाला कंपासपेटी भिंतीवर. कोणाला लागली नाही, नशीब, पण झाकण उघडून कर्कटक माझ्या पायाजवळ येऊन पडलं, आणि पेडवो कार्डाचे दोन तुकडे करून भर पावसात बाहेर.

वर्ग सरांवर सोपवून मी छत्री घेऊन मागे धावले. शाळेमागे सुरूची झाडं आहेत आणि त्यांच्याखाली झापांनी शाकारलेली एक जुनी होडी, तिच्या आडोशाला बसला होता. मी जाऊन पहिलं वाक्य काय टाकलं असेल? 'तुला आत्ता काय वाटतंय?' तो माझ्याकडे न बघता म्हणाला, 'तुमी परत ता कार्ड काढू नकात हां.'

बसले मग शेजारी, वाळूत, साडीची वाट लागली ती लागली. जॉन गॉटमन म्हणून एक संशोधक आहेत, नवराबायकोंची भांडणं प्रयोगशाळेत बसवून त्यांची नाडी मोजायचे, त्यांचं म्हणणं की ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं तरी लागतात. हे मी पालकसभेत दर वेळी सांगते. स्वतः कधी २० मिनिटं गप्प बसले नव्हते. फार लांब असतात ती. दहाव्या मिनिटाला मी दोनदा तोंड उघडून बंद केलं. होडीत फाटक्या जाळ्याचा एक तुकडा पडला होता, त्याने तो ओढून मांडीवर घेतला आणि तुटलेले धागे दाताने साफ करायला लागला. एक भोक घ्यायचं, भोवतालच्या गाठी बोटाने चाचपायच्या, सुटलेली गाठ सापडली की दोरा तोडायचा. मी विचारलं हे का कापतोस, शिवायचंय ना? तर म्हणाला, आधी फाटका मोठा करूचा लागता, नायतर गाठ बसत नाय. आणि हे बोलल्यावर बाकीचं आपोआप आलं. माझ्याकडे बघून एक शब्द नाही बोलला, सगळं जाळ्याकडे बघून.

बांगड्याने त्याच्या वडिलांच्या फोटोचा स्टिकर केला होता. बोटीवर उभे असलेले, खाली मोठ्या अक्षरात 'चोर'. वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तिथून वाडीच्या ग्रुपवर गेला, तिथून त्याच्या आईच्या मोबाइलवर.

'पप्पा मालक असत काय? खलाशी असत. बोट कोणाची, जाळा कोणाचा, आणि चोर कोण, तर माझे पप्पा?' मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, 'तेका पोवाक कोणी शिकवल्यान? माज्या पप्पांनी.' दोघं लहानपणी रविवारी रापण ओढायला जायचे, दोघांना मिळून एकच वाटा मिळायचा, मूठभर पेडवे, ते पेडव्याची आई तळून द्यायची. हे सगळं त्याला माहीत असून त्याने टाकलं, हे त्याचं खरं दुखणं. मी म्हटलं, हा राग आहे का रे? तर डोकं हलवून नाही म्हणाला. दुसरा शब्द काही दिला नाही. मीपण पुरवला नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. मग वर्गात न येता तो तसाच वाळूतून घरी गेला.

बांगडो जिन्यात उभाच होता. त्याला मी झापायच्याच तयारीत होते, पण तो आधीच सुरू झाला, 'मोठ्यांच्या ग्रुपवर बगा मॅडम काय काय असता ता. माका एकट्याकच कित्या?' फोटो त्याच्या काकाने टाकलेला होता, शिवीसकट. याने फक्त स्टिकर बनवला. घरात त्या आठवड्यात रापणीला जेलीफिश आणि प्लास्टिकच आलं होतं आणि आईच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या. आता यावर मी काय जीवनकौशल्य सांगणार? समुद्राचं भांडण माझ्या हातातलं नाही, आणि पोराला ज्याबद्दल मी समज देणार ते त्याचे मोठे रोज ऑनलाइन करतात, वर त्याला पुरुषार्थ समजतात. पालकसभेत हा विषय काढला तर कोण येईल ते मला माहितीय. आयाच येतात.

'मगे सॉरी म्हणू?' त्याने विचारलं.

'आज नको,' मी म्हटलं. 'मागच्या वेळी मी म्हणायला लावलं, काय उपयोग झाला? तू काय केलंस ते आधी मला सांग. काकाने काय केलं ते नको.'

खूप वेळ लागला त्याला. भिंतीचा पोपडा नखाने काढत होता. शेवटी म्हणाला, 'मी तेच्या पप्पाक चोर म्हटलंय. सगळ्यांसमोर.' बस. मी काही बोलले नाही, रिपोर्टसाठी फोटो तर नाहीच नाही. मागच्या आठवड्यातला तो शेकहँडचा फोटो त्याच्यादेखत डिलीट केला, त्यावर तो म्हणाला की बरा केलात, माझो डोळो मिटलेलो होतो त्यात.

४:५० केव्हाच गेली होती. स्टॉपवर पत्र्याखाली उभी होते तर समोरच्या पाणंदीतून बांगडो जाताना दिसला, पाठीवर एक दप्तर आणि पोटाशी एक. पेडवो दप्तर वर्गातच टाकून गेला होता ना. पोटावरच्या दप्तराला स्वतःचा रेनकोट गुंडाळलेला. घराच्या पायरीशी जाऊन थांबला, आत गेलाच नाही. पेडव्याची आई बाहेर आली, तिने दप्तर घेतलं आणि दार लावलं. रेनकोट परत दिला का तेवढ्यात आलेल्या गाडीमुळे मला दिसलं नाही.

पुढच्या बुधवारी दोघं दोन टोकांच्या बाकांवर. त्याच्या पुढच्याही. मी जोड्या पाडल्या नाहीत, आणि कार्डं आता मी नेतच नाही.

मग दिवाळीची सुट्टी पडली आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला पेडवो माझी पिशवी उचलायला फाटकापर्यंत आला. आपण होऊन. मी काही विचारलं नाही. अर्ध्या वाटेत त्यानेच सांगितलं, 'इलो होतो तो. पप्पा घरात होते तेव्हा.'

'मग?'

'बोललो तेंका. मी केलंय म्हणान. पप्पा कायच बोलूक नाय. जेवान जा, इतक्याच म्हटल्यानी.'

'जेवला?'

'जेवलो ना. तिखला होता. दोन वेळा भात घेतल्यान.' पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, 'पण आमी अजून बोलत नाय हां मॅडम.'