पानाला 300 रुपये

गणपती करून लोक गावाहून मुंबईला परतले की माझे फोन वाढतात. "ताई, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे कागद सापडलेत, जुन्या मोडी लिपीत आहेत. तुम्ही वाचता असं कळलं."

मी लालबागला राहते. फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळून पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. पेन्शन नाही, आणि पीएफच्या पैशाला हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं. वरखर्चाला काहीतरी हवं होतं. मसाले कर, फराळ कर, शिकवण्या घे, सगळ्यांनी सगळं सुचवलं. मला मोडीच शिकायची होती. माहेरी चिपळूणला आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. त्यांच्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, घरात एकालाही वाचता येत नव्हत्या, आणि ते मला लहानपणापासून खुपायचं.

जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मुंबईचं पुराभिलेखागार 1821 पासूनचं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. इतकी वर्षं त्या रस्त्याने ऑफिसला गेले, पण आत काय ठेवा आहे ते वर्गाच्या निमित्ताने कळलं.

मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायची, होता होईल तो हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुळाक्षरं लवकर येतात. कागद वाचता यायला मात्र वर्षं जातात, कारण शब्द कुठे तोडायचा ते अर्थ लागल्याशिवाय कळत नाही. इथे आमचं वय कामी येतं. पायली, खंडी, आणे-पै, निमे हिस्सा हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना शब्द पटकन सापडतो. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन ही तेव्हाची कालगणना असते, तीही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन, आणि हे साल पानिपतचं. जन्म हिशेबात गेल्यामुळे मला यात फार आनंद मिळतो.

गेल्या पावसाळ्यात नायगावचे एक गृहस्थ शके 1812 चं खरेदीखत घेऊन आले. स्टँपचा कागद, घडीवर विरलेला. त्यात मौजे अमुक, विहिरीत निमे हिस्सा, फणसाची झाडं, सगळं नीट लिहिलेलं. घेणारे त्यांचे पणजोबा. नावापुढे 'बिन', म्हणजे 'चा मुलगा', आणि वडिलांचं नाव. त्या एका ओळीत गृहस्थांना खापरपणजोबा सापडले. ती ओळ त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली, मग मुलाला फोन लावून त्यालाही ऐकवायला लावली.

मी पानाला 300 रुपये घेते. ओळखीतल्यांकडूनही घेते आणि तसं आधीच सांगते. भिंग घेऊन एका पानावर अख्खी दुपार जाते, आणि जमिनीच्या कागदात एका अक्षराने हिस्सा बदलतो. पैसे घेतले की ती जबाबदारी माझी. मूळ कागदातल्या ओळीप्रमाणे ओळ लिहिते. जे अक्षर लागत नाही तिथे कंसात प्रश्नचिन्ह घालते. कितीही आग्रह झाला तरी अंदाजाने नाव भरत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज भासली. तेव्हापासून हे काम आहे हे लोकांना कळलं. दर महिन्याला ठरावीक रक्कम येत नाही. पण विजेचं बिल, औषधं आणि नातवाचं काही, एवढं त्यातून निघतं, आणि ते माझं असतं.

कोर्टात किंवा महसूल कार्यालयात लावायचं असेल, तर कोणाचं लिप्यंतर चालतं ते आधी तिथेच विचारून या, हे मी पहिल्या फोनवरच सांगते. मोबाइलवरच्या फोटोत घडीवरची अक्षरं जातात, म्हणून शक्यतो मूळ कागद आणायला लावते. आणि एक कळकळीची विनंती: असे कागद हाती लागले तर त्यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा.