कॅन्ससच्या सपाटीवर एका मानेची राखण

फिजिओथेरपिस्ट म्हणून ज्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांसोबत मी काम करते, त्यांच्यापैकी बहुतेकांना धास्ती असते ती घाटांची. कसारा किंवा सापुतारा चढून गेलेला स्वार सपाट रस्त्याला फारसा मोजत नाही. माझे मत नेमके उलट आहे, आणि ते पक्के झाले अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत नाशिकच्या एका स्वाराच्या क्रूमध्ये, म्हणजे गाडीतून सोबत जाणाऱ्या मदतनीसांच्या चमूत, काम करताना.

पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनारा गाठणारी ही शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची असते आणि घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. झोपायचे ते आपल्या वेळेतून. नाशिककरांना तिचे अप्रूप २०१५ पासून आहे, कारण त्या वर्षी डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे एकट्याने उतरू पाहणारे स्वार वाढले. आमचे दादा त्यांतलेच एक. कोलोरॅडोतली सुमारे ३,३०० मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड त्यांनी शांतपणे पार केली होती, म्हणून तिथल्याच वॉल्श गावाहून कॅन्ससच्या हद्दीत शिरताना सगळा क्रू निश्चिंत होता.

पहाटे युलिसिस हे गाव सोडले तेव्हा उजाडत होते. हा भाग आखूड गवताच्या मैदानांचा. आता बरीचशी जमीन गव्हाखाली आणि मक्याखाली गेली असली, तरी रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आत, मूळचे बफेलो गवत अजून दिसते; वीतभरही उंच नसलेले, राखाडी हिरवे, जमिनीला चिकटून पसरलेले. १९३० च्या दशकात अवर्षणात हीच जमीन नांगरून उघडी पडली आणि वाऱ्याने उडून गेली. त्या धुळीच्या वादळांबद्दल मी पुस्तकात वाचले होते, पण तिथला वारा अंगावर घेतल्याशिवाय ते नीट उमगत नाही. अडवायला टेकडी नाही, झाडांची रांग नाही. पुढच्या गावाचा धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठार, तासभर आधी दिसू लागतो आणि तासभर जवळ येत नाही.

उन्हाळ्यात तिथला वारा बहुधा दक्षिणेचा असतो. आम्ही पूर्वेला चाललो होतो, म्हणजे तो उजव्या अंगावर. समोरून वारा आला तर स्वार वाकतो, वेग कमी करतो आणि सोसतो. आडवा वारा वेगळा. सायकल सरळ ठेवण्यासाठी स्वाराला सतत उजवीकडे कलून राहावे लागते, एका बाजूच्या पाठीचे आणि मानेचे स्नायू ताणलेले राहतात, आणि हाताची पकड क्षणभरही सैल सोडता येत नाही. गुरे वाहून नेणारे ट्रक डावीकडून गेले की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो आणि लगेच मागची पोकळी आत ओढते. त्याच क्षणी दक्षिणेचा वाराही त्याच दिशेने ढकलत असतो. मागच्या गाडीतून हे पाहताना माझा श्वास दर वेळी अडकत असे.

त्यात भर सपाटीची. घाटात स्वार चढावर पेडलवर उभा राहतो, उतारावर बसून पाय थांबवतो, वळणावर मान फिरवतो. शरीराची ठेवण दर काही मिनिटांनी बदलत असते. कॅन्ससच्या पश्चिम भागात तासन् तास काहीच बदलत नाही. कोपरे एअरोबारच्या, म्हणजे पुढे झुकून हात टेकवायच्या जोडदांड्यांच्या, पॅडवर, पाठ आडवी, आणि रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडलेली. डोक्याचे पाचेक किलो आणि वर हेल्मेट, एवढा भार मानेमागचे स्नायू एकाच कोनात उचलून धरतात. हे स्नायू थकून निकामी झाले की डोके उचलताच येत नाही, हनुवटी छातीवर पडते. लांब पल्ल्याच्या जगात याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. १९८३ च्या याच शर्यतीत मायकेल शर्मर यांची मान अशी पडली होती.

माँटेझुमाच्या परिसरात पवनचक्क्यांची मोठी रांग आहे. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे दुरूनच वाऱ्याची दिशा कळते. सगळ्या चक्क्या दक्षिणेकडे पाहत होत्या आणि जोरात फिरत होत्या. दुपारपर्यंत वारा आणखी वाढणार, हे मी तेव्हाच क्रू प्रमुखांना सांगितले.

माँटेझुमा सोडून काही अंतर गेल्यावर मला पहिली खूण दिसली. दादांनी उजवे कोपर पॅडवर रोवून तळहाताने हनुवटीला टेकू दिला, थोडे अंतर तसेच चालवले, हात काढला, आणि पुन्हा टेकू दिला. सायकलचा वेग कमी झाला नव्हता, म्हणून गाडीतल्या बाकीच्यांना ते विश्रांती घेत आहेत असे वाटले. मी गाडी पुढे घ्यायला लावली आणि त्यांना थांबवले.

“मान दुखते आहे का, दादा?”

“दुखत नाही, ताई. जड झाली आहे.”

हे ‘दुखत नाही’च मला नको होते. दुखणारा स्नायू अजून काम करत असतो. त्यांना गाडीत पालथे झोपवून मी डोके गादीच्या कडेबाहेर सरळ धरायला सांगितले. दहा सेकंदांच्या आत हनुवटी थरथरू लागली आणि डोके हळूहळू माझ्या हातात आले. मानेमागचे स्नायू बोटांखाली दोरासारखे ताठ लागत होते, उजवीकडे अधिक.

मी सांगितले की संध्याकाळपर्यंत सायकलवर बसायचे नाही. क्रू प्रमुखांना ते पटेना. त्यांचे म्हणणे असे की सपाट रस्त्यावरच वेळ कमवायचा असतो आणि झोप रात्री घ्यायची ठरली आहे. त्यांचे गणित घाटातल्या शर्यतीसाठी बरोबर होते. पण या मैदानात सूर्य मावळला की जमिनीलगतचा वारा बहुधा मंदावतो. दुपारचे चार तास जे अंतर मान मोडून कापायचे, तेच रात्री कमी श्रमात कापता येणार होते. दादा स्वतः गप्प होते. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले, “ताई म्हणतात तसे करू.”

ते झोपले तेवढ्या वेळात आम्ही दुसरी सायकल तयार केली. मेकॅनिकने स्टेमवरच्या (हँडल धरणाऱ्या भागावरच्या) कड्या त्याच्या खाली घेऊन हँडल उंच केले आणि एअरोबार काढून टाकले. मी मऊ फोमचा कॉलर कापून हनुवटीखाली बेताचा केला, मानेवर टेप लावली, आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूपासून पाठीवरच्या पट्ट्यापर्यंत एक लवचीक पट्टी ओढली. पट्टी किती ताणायची यातच सगळे कसब आहे. जास्त ताणली तर स्नायू काम सोडून देतात आणि मान वळत नाही. कमी ताणली तर तिचा उपयोग नाही. भाराचा काही हिस्सा पट्टीने उचलावा आणि उरलेला मानेने, इतकाच ताण मी ठेवला.

संध्याकाळी निघालो तेव्हा वारा खरोखरच उतरला होता. मलिनव्हिलनंतर अंधार पडला, आणि रात्रीच्या नियमाप्रमाणे आमची गाडी दिवे लावून त्यांच्या लगेच मागे आली. ग्रीन्सबर्ग हे गाव ४ मे २००७ च्या टॉर्नेडोत जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले होते आणि नव्याने बांधले गेले आहे. १८८० च्या दशकात हातांनी खणलेली, ३३ मीटर खोल विहीर तिथे आहे. ती पाहायची माझी फार इच्छा होती, पण माझी नजर हेल्मेटच्या मागच्या चमकत्या पट्टीवर होती. ती खाली जाऊ लागली की मी हॉर्न वाजवायला लावी. प्रॅटपर्यंत तसे क्वचितच करावे लागले.

सकाळी मेझ, मग एल डोराडो, आणि त्यापुढे फ्लिंट हिल्स. चुनखडीत गारगोटीचे थर असल्यामुळे ही जमीन कुणाला नांगरता आली नाही, आणि म्हणूनच अमेरिकेत उरलेल्या उंच गवताच्या प्रेअरीचा, म्हणजे मूळच्या गवताळ मैदानाचा, बहुतांश भाग इथे आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की जमीन लाटांसारखी वरखाली होऊ लागली. पहिल्याच चढावर दादा पेडलवर उभे राहिले, पाठ ताठ झाली, मान आपोआप सरळ आली. उतारावर त्यांनी डोके दोन्हीकडे फिरवून पाहिले. सपाटीवर जे स्नायू एकाच कोनात अडकले होते, त्यांना प्रत्येक टेकडी थोडी सुटी देत होती.

येट्स सेंटरला मी तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी डोके अर्धा मिनिट स्थिर राहिले. मान बरी झाली असे मी म्हटले नाही, कारण शर्यतीत ती बरी होत नाही, फक्त टिकते. कॉलर रात्रीपुरता ठेवला, हँडल उंचच राहू दिले. क्रू प्रमुखांनी नोंदवही उघडली, मिसुरी राज्य संपेपर्यंतची दुपारची विश्रांती स्वतःच्या अक्षरात मांडली, आणि मला सही करायला दिली.