पंखा फिरतोय, पण बॅटरीत काही जातंय का?

घरी बनवलेली पवनचक्की फिरायला लागली की सगळे माना वर करून बघत बसतात, काय जोरात फिरतेय वगैरे. मी आधी खाली अ‍ॅमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर बघतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत करंट ढकलायचा तर जनरेटरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं पाहिजे, त्यात मधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) स्वतःचा अर्धा-पाऊण व्होल्ट खाणार, म्हणजे साधारण १३ च्या वर जाईपर्यंत सगळं नुसतं शोभेचं, मीटरवर भोपळा. आणि डायोड नको म्हणाल तर डीसी मोटर असेल तेव्हा वारा पडला की बॅटरीच पंखा फिरवत बसते :)

जनरेटर म्हणून बहुतेक जण जुनी मोटरच लावतात, पंख्याने फिरवली की तीच वीज देते. म्हणून मोटर शोधताना वॅट नंतर, आधी लेबलवरचे व्होल्ट आणि आरपीएम (मिनिटाला किती फेरे) बघा. ट्रेडमिलची जुनी पर्मनंट मॅग्नेट मोटर लोक का शोधत असतात, तर समजा तिच्यावर २६० व्होल्ट ५००० आरपीएम लिहिलंय, मग त्याच हिशोबाने १४ व्होल्टला जेमतेम २७० आरपीएम पुरतात, आणि एक मीटर व्यासाचा नीट तासलेला तीन पात्यांचा पंखा तेवढा आरामात फिरतो. गाडीचा आल्टरनेटर फुकट मिळाला तरी मी तरी लावणार नाही, हजारभर आरपीएम झाल्याशिवाय तो जागाच होत नाही, वर फील्ड कॉइलला, म्हणजे आतलं चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीला, बॅटरीतूनच करंट मागतो.

आता वाऱ्याचं. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, हे ऐकायला भारी वाटतं पण उलट्या बाजूनेही तेवढंच खरं आहे ना. एक मीटरच्या पंख्यासमोर सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा असेल तर त्या वाऱ्यातच मुळात १३ वॅट असतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ६ मीटरला १०४ वॅट. बेट्झच्या नियमाने त्यातले ५९.३ टक्क्यांच्या वर कुणालाच काढता येत नाहीत, घरगुती चक्कीला चौथा हिस्सा मिळाला तरी छान, म्हणजे २५ वॅट, म्हणजे दोन अ‍ॅम्पियर. अर्धी उतरलेली १०० एएचची (अ‍ॅम्पियर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी भरायला असा वारा २४ तास न थांबता पाहिजे, त्याहून थोडा जास्तच.

मिळालेलं परत वायरमध्ये घालवू नका. खांब ते बॅटरी ३० मीटर अंतर, जाऊन-येऊन ६० मीटर, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ८ अ‍ॅम्पियर करंट, की तीन व्होल्टच्या वर वायरमध्येच गायब. जाड वायर घ्या किंवा सरळ २४ व्होल्टवर जा, तेवढ्याच वॅटला करंट निम्मा आणि वायरमधलं नुकसान चौथा हिस्सा.

पण खरी गंमत बॅटरी भरल्यावर. सोलर पॅनल बॅटरी भरली की सोडवून टाकलं तरी चालतं, ते गप्प पडून राहतं. पवनचक्कीचं कनेक्शन काढलंत की लोड, म्हणजे तिला जड करणारा करंटचा भार गेला, पंखा मोकाट सुटतो, आणि जोराचा वारा असेल तर पाती तुटून कुठे जातील सांगता येत नाही. म्हणून डंप लोड लागतो, म्हणजे लेड अ‍ॅसिड बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास गेली की कंट्रोलर जास्तीचा करंट एखाद्या हीटर कॉइलकडे वळवतो. सोलरचा साधा कंट्रोलर इथे लावू नका, त्यातले बरेचसे थेट सर्किट तोडतात. लिथियमवाल्यांनी तर जास्तच जपा, कारण बॅटरी भरल्यावर आतलं बीएमएस (बॅटरी जपणारं सर्किट) न विचारता कनेक्शन तोडतं, तेव्हा डंप लोडचं सेटिंग त्याच्या बरंच आधी चालू होईल असं ठेवा.

बॅटरीत साठवायची कल्पना नवीन नाहीये बरं का, १८८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या जेम्स ब्लाइथने पवनचक्कीवर बॅटऱ्या चार्ज करून आपल्या कॉटेजमध्ये दिवे लावले होते.

खांबावर काम करायचं असेल तेव्हा वारा मंद असताना जनरेटरच्या दोन्ही वायर शॉर्ट करा, पंखा जड होऊन जवळजवळ थांबतो, ब्रेकच तो. जोरात फिरत असताना मात्र करू नका, वाइंडिंग जळू शकतं. आणि हो, शॉर्ट करायचं ते डायोडच्या अलीकडे, जनरेटरच्या बाजूला, बॅटरीच्या बाजूला नाही!! बॅटरीच्या प्लस टर्मिनलला लागूनच फ्यूज हवाच.