टॉवेलची कडक भाकरी का होते?

“तुमचे टॉवेल असे मऊ कसे राहतात हो? आमच्या टॉवेलची तर दोन महिन्यांत कडक भाकरी होते.”

गाडी न्यायला आलेला माणूस बिल देता देता गाडी पुसायच्या मायक्रोफायबर टॉवेलांबद्दल हे विचारतोच. सोलापूरकर असल्यामुळे उपमा भाकरीचीच येते. मी गाड्यांचं डिटेलिंग करतो, म्हणजे धुणं, पॉलिश, कोटिंग, आतली सफाई. पूर्वी मी दारातच सांगून मोकळा व्हायचो, “पावडर वापरू नका, उन्हात टाकू नका.” त्यावर “का?” यायचं, मग “बरं, मग काय वापरू?” यायचं, आणि मागची गाडी आत घ्यायची राहून जायची. सगळेच विचारतात म्हणून आज जरा बसून सांगतो.

आमचं गाव टॉवेलचं. चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. वडिलांचं सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात गेलं. मायक्रोफायबरचा पहिला गठ्ठा मी घरी आणला तेव्हा त्यांनी एक टॉवेल चिमटीत धरून चोळला, उजेडाकडे नेला आणि म्हणाले, “ह्यात सूत कुठंय?”

नाहीच सूत. पॉलिएस्टर आणि नायलॉन असतं. वेष्टनावर 80/20 किंवा 70/30 लिहितात ते या दोघांचं प्रमाण. दोन्ही वितळवून एकाच धाग्यात ओढतात आणि मग तो धागा उभा फोडतात, संत्र्याच्या फोडी सुटाव्यात तसा. एकेक फोड एक डेनिअरपेक्षा बारीक, म्हणजे 9000 मीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. जन्मभर सुताचा काउंट, म्हणजे धाग्याचा बारीकपणा, बघितलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, “मग हा धरंल खूप. पण सोडंल का?”

धुण्याबद्दल मला नंतर जे काही कळलं ते या प्रश्नातच होतं. फोडींच्या मधल्या फटींत पाणी, धूळ, मेण सगळं जाऊन बसतं. साधं फडकं धूळ पुढे ढकलत नेतं, हा टॉवेल ती पोटात घेतो. त्याचं कौतुक होतं ते यासाठी आणि तो बिघडतो तोही यामुळेच. एकदा त्या फटी साबणानं, क्षारानं किंवा मेणानं भरल्या की मऊ दिसणारा टॉवेलही फडकंच होतो, फक्त महाग.

आणि आपण हे फडकं फिरवतो कशावर? गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराला, क्लिअर कोटला, जाडी असते साधारण 40 ते 50 मायक्रॉन. डोक्यावरचा केस बहुतेक वेळा त्याहून जाड असतो. धुळीचा कण टॉवेलखाली सापडला की रेघ उठते. सावलीत ती दिसत नाही. काळी गाडी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं, ते या रेघांचंच. पॉलिशनं त्या काढता येतात, पण पॉलिश म्हणजे तो थरच थोडा घासून टाकणं. ते किती वेळा करणार? पहाटे एका बादलीत, एका पिवळ्या फडक्यानं सोसायटीतल्या पंधरा गाड्या पुसणाऱ्या पोराला मी नावं ठेवत नाही, त्याला पैसे तरी किती मिळतात. पण आपली गाडी पंधरांतली कितवी, एवढं बघून ठेवा.

आता माझी फजिती सांगतो. धंद्याचं पहिलंच वर्ष होतं. आठवड्याचे टॉवेल घरी मशीनपाशी ठेवले आणि जेवायला बसलो. आईला वाटलं, पोराला मदत करावी. तिनं त्यात घरातले दोन नवे सुती टॉवेल टाकले, पावडर मूठभर जास्त टाकली कारण “तेलकट दिसत होते”, कॉटनचं बटण दाबलं आणि शेवटी प्रेमानं तो निळा, सुगंधी सॉफ्टनर ओतला. टॉवेल बाहेर आले ते फुलासारखे. वास तर असा की गाडी पुसण्याऐवजी उशाला घ्यावेत. दुसऱ्या दिवशी एका काळ्या गाडीवर फिरवले आणि गाडीला कोंडा झाला! नव्या सुती टॉवेलची सगळी लव यांनी धरून ठेवली होती आणि ती आता बॉनेटवर उतरत होती. पाणीही टिपलं जाईना. टॉवेल नुसता फिरत होता आणि पाणी त्याच्यापुढे पळत होतं. ती गाडी पुन्हा धुवावी लागली, आणि मालक समोर खुर्ची टाकून बसले होते.

चार चुका एकाच धुण्यात, म्हणून हे धुणं माझ्या लक्षात आहे. सुती कपडे बरोबर नकोत, लव चिकटते. सॉफ्टनर तर अजिबात नको, तो धाग्यावर तेलकट पापुद्रा चढवतो आणि तोच बोटांना मऊ लागतो. पावडरीत सोडा असतो. आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, दोघांची गाठ पडली की चुन्यासारखा साका तयार होतो आणि फटींत बसतो. वडीच्या साबणाचंही तसंच, जड पाण्यात फेस कमी आणि चिकट मळी जास्त. चौथी चूक कॉटनच्या बटणाची. पुष्कळ फ्रंट लोड मशीन त्या बटणावर पाणी 60 अंशांपर्यंत तापवतात. आईच्या हिशेबी ते कमीच, तिच्या लहानपणी पांढऱ्या कपड्यांना सोडा घालून भट्टी द्यायचे. सूत ते सोसतं. हा शेवटी प्लॅस्टिकचा भाऊबंद आहे. जास्त उष्णता लागत गेली तर त्याची बारीक टोकं आखडू शकतात आणि मग तो कायमचा खरखरीत होतो.

मी सध्या असं करतो. द्रवरूप डिटर्जंट घेतो, बिनवासाचा मिळाला तर उत्तम, आणि बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्माच वापरतो. पाणी गार किंवा कोमट, 40 अंशांच्या आत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच दुपारी चटका देतं, म्हणून त्या दिवसांत धुणं सकाळी. मशीन गच्च भरत नाही. टॉवेलला घुसळायला जागा मिळाली तरच तो पकडलेलं सोडतो. एक खळबळणं जास्तीचं लावतो. ब्लीच कधीच नाही, क्लोरीन नायलॉनला खातं. मेण किंवा पॉलिश लागलेले टॉवेल संध्याकाळपर्यंत तसेच पडू देत नाही, लगेच डिटर्जंटच्या पाण्यात बुडवतो. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. ती मेणासकट वाळली की टॉवेलचा पॉलिशपेपर होतो. सिरॅमिक कोटिंग पुसलेला टॉवेल मात्र धुवायच्या भानगडीतच पडत नाही. ते द्रव्य धाग्यातच काचेसारखं कडक होतं. तो टाकून द्या, जीव तुटला तरी.

नवा टॉवेलही एकदा धुवूनच गाडीला लावायचा. सुटी लव आणि जादाचा रंग त्या धुण्यात निघून जातो. हे मात्र आईला सांगावं लागलं नाही. कोरा टॉवेल दोन-तीन धुण्यांशिवाय पाणी पीत नाही, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

तुमच्या टॉवेलची भाकरी आधीच झाली असेल तर एक करून बघा. टॉवेल ताटात पसरा आणि त्यावर चमचाभर पाणी टाका. पाणी मोत्यासारखं वरच थांबलं तर फटी बुजल्या आहेत. एका बादली कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, टॉवेल अर्धा तास बुडवा आणि नंतर दोनदा साध्या पाण्यातून काढा. क्षारानं आलेला कडकपणा बराचसा जातो. उष्णतेनं आलेला जात नाही. मग कारण कोणतं होतं तेही कळतं.

पाण्याबद्दल अजून थोडं, कारण आमच्याकडे खरी अडचण तीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची, म्हणजे कॅल्शियमसारख्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600. कपडे धुताना हे आकडे कोण बघतो? बोअरच्या पाण्यानं धुतलेला टॉवेल वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. काटकसरी लोक पाण्याच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानं गाडी नि टॉवेल धुतात. काटकसर चांगली, पण त्या पाण्यात तर फिल्टरनं नाकारलेले सगळे क्षार असतात! त्यानं अंगण धुवा. टॉवेलच्या शेवटच्या खळबळण्याला एसीचं ठिबकलेलं पाणी छान, ते हवेतलं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. गंमत अशी की सोलापुरात मे महिन्यात एसी दिवसभर चालतो आणि हवा इतकी कोरडी की बादली काही भरत नाही. पावसाळ्यात मी पागोळीखाली पिंप ठेवतो.

वाळवणं सोपं आहे. पिळून दोरा दोरा करायचा नाही. मशीनमधून काढला की दोनदा झटकायचा, म्हणजे आडवे पडलेले धागे उभे राहतात, आणि सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दोरीवर टाकायचा. गच्ची नको. नायलॉनला ऊन सोसत नाही, शिवाय गच्चीत शेजारच्या बांधकामाची धूळ, कबुतरं आणि कुणाच्या तरी मिरच्या वाळत असतात. कोकणातला मित्र म्हणतो, तुमचं बरं आहे, आमच्याकडे जुलैत चार दिवस टॉवेल वाळत नाही आणि कुबट वास येतो. त्याला मी सांगितलं, मशीनचं पिळणं दोनदा लाव आणि रात्रभर पंख्याखाली पसर, पण ओलसर टॉवेल डब्यात घालू नको. न्यू जर्सीतल्या मावसभावाची अडचण उलटी. त्याच्याकडे ड्रायर आहे आणि बाहेर दोरी बांधायला सोसायटीची परवानगी नाही. ड्रायर चालतो, पण सगळ्यात कमी उष्णतेवर, आधी त्याची लवेची जाळी साफ करून, आणि सुगंधी ड्रायर शीट न टाकता. ती शीट म्हणजे आईच्या निळ्या बाटलीची परदेशी बहीण.

उन्हाला मी एकच सवलत देतो, दसऱ्याला. खंडेनवमीपासून गाड्यांवर हळदकुंकू, झेंडू, बॉनेटवर स्वस्तिक. चार दिवसांनी त्या गाड्या माझ्याकडे येतात आणि टॉवेल पिवळे होतात. पहिल्या वर्षी ते डिटर्जंटमध्ये टाकले आणि लालभडक निघाले. मी घाबरलो, आई हसत सुटली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, साबणालाही तोच गुण. हळदीचा डाग धुऊन हटत नाही, पण उन्हात उडतो. म्हणून ते तेवढे टॉवेल दोन दुपार गच्चीत. पुढे त्यांना रंगावर फिरवायचं नाही.

कारण माझ्याकडे टॉवेलची जात ठरलेली आहे, आणि या एका बाबतीत मी कर्मठ आहे. निळे रंगाला, हिरवे काचेला, पिवळे आतल्या सफाईला, करडे चाकांना आणि इंजिनाला. धुणंही वेगळं, करडे कधी निळ्यांबरोबर मशीनमध्ये जात नाहीत. ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा भुगा निळ्यात शिरला तर गाडीला कानस लावल्यासारखंच. निळा टॉवेल जमिनीवर पडला की उचलून झटकून पुन्हा वापरायचा नाही, पोरांना हे पहिल्या दिवशी सांगतो. धुतल्यावरही वाळलेल्या टॉवेलवरून एकदा तळहात फिरवतो. कुसळ असेल तर टोचतं. आमच्याकडच्या गवताची कुसळं तीन धुणी टिकतात. म्हातारा झालेल्या निळ्याच्या कोपऱ्याला कात्रीनं एक खाच पाडतो आणि तो दारांच्या कडांना जातो, दुसरी खाच पडली की चाकांना. माझ्याकडे बढती नाही.

ठेवणं म्हणजे झाकणाचा डबा, बस. उघड्या फळीवर ठेवलात तर कोरड्या हवेत तो स्थिर विजेनं स्वतःहून धूळ ओढतो, घडी घालताना चटचट आवाज येतो तेव्हा समजा. मी प्लॅस्टिकचे मोठे डबे घेतले आहेत, एका रंगाला एक. आत वर्तमानपत्र नको, शाई उतरते. डांबरगोळ्या नकोत. गाडीच्या डिकीत सुटा टॉवेल टाकून ठेवता ना? तिथं स्टेपनी असते, चपला असतात आणि बाजारातून आणलेल्या पिशवीतली माती असते. नेहमी लागत असेल तर पिशवीत घालून ठेवा. घडी चौपदरी घाला. काम करताना एक बाजू मळली की उलटायची, अशा आठ बाजू मिळतात.

परवा एका गिऱ्हाईकानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं पाणी पितो तर अंग पुसायला कसा?”

मी एकदा वापरून बघितला होता. टाचांच्या भेगांना, हातांच्या घट्ट्यांना बारीक बारीक अडकतो आणि अंगावर काटा येतो. शिवाय तो न्हाणीघराच्या दोरीवर आईला दिसला. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिथं कारखान्यातला नवा टेरी टॉवेल लटकत होता आणि माझ्या निळ्यानं ती ओटा पुसत होती.