दोघांचं एक रेलकार्ड

इंग्लंडात ट्रेनची तिकिटं बघून पहिल्यांदा डोळेच पांढरे झाले होते, मग ऑफिसातल्या एकीने टू टुगेदर रेलकार्डचं सांगितलं. वर्षाला ३५ पौंड, कार्डावर दोघांची नावं आणि फोटो, आणि दोघांनी एकत्र प्रवास केला की दोघांच्याही तिकिटावर एक तृतीयांश सूट, म्हणजे ९० चं तिकीट ६० ला. वर्षभरात दोघांची मिळून साधारण १०५ पौंडांची तिकिटं काढली की कार्डाचे पैसे वसूल. नवराबायकोच असायला हवं असं काही नाही हां, मैत्रिणी, भाऊबहीण, कोणीही चालतं, फक्त दोघं १६ किंवा त्यापुढचे हवेत.

गोची एकच, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही.

आणि हो, जोडीदार बदलता येत नाही! आई इकडे आली तेव्हा मी आपली खुशाल म्हटलं चल, माझ्या कार्डावर जाऊ यॉर्कला, आणि बुक करताना लक्षात आलं की त्यावर नाव नवऱ्याचं 😅 शेवटी तिचं सीनियर रेलकार्ड काढलं, ती साठीच्या पुढची ना. तिला सूट, मी पूर्ण भाडं. आई खिडकीत बसून म्हणते, बघ, म्हातारपणाचे फायदे.