अकरा खिडक्या : दुरुस्त करायच्या की बदलायच्या?

मागच्या पावसाळ्यात आमच्या पश्चिमेकडच्या बेडरूमच्या खिडकीतून इतकं पाणी आत आलं की रात्री दोनदा उठून टॉवेल पिळावे लागले. सकाळी नवरा म्हणाला, आता बास, दिवाळीच्या आत सगळ्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, बसवून टाकू. मलाही त्या क्षणी तेच वाटत होतं. झडपा फुगून बसलेल्या, एक लावायला गेलं की दुसरी उघडते, काचा पक्क्या बसवायला कडेने भरलेली लांबी वाळून गळून पडतेय, वारा सुटला की तावदानं खडखडतात. दर वर्षीचं हेच.

आमचं घर पुण्यात कर्वेनगरला. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, १९७९ साली बांधलेलं. अकरा खिडक्या, सगळ्या सागवानी, दोन दोन झडपांच्या, आतून लोखंडी ग्रिल. एक माणूस येऊन मापं घेऊन गेला आणि दोन दिवसांनी कोटेशन आलं : १६८ स्क्वेअर फूट, ७८० रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे १ लाख ३१ हजार, जीएसटी वेगळा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की सिव्हिल काम ग्राहकाकडे. आता या सिव्हिल कामात काय काय येतं ते आधी नीट समजून घ्या, कारण जुनी चौकट भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) पक्की बसवलेली असते, ती काढायची म्हणजे आजूबाजूचं प्लॅस्टर फुटतं, मग गवंडी, मग पुट्टी, मग त्या भिंतीला रंग, आणि एकाच भिंतीला रंग दिला की बाकीच्या तीन मळकट दिसतात म्हणून अख्ख्या खोलीला रंग. आमचा आकडा सव्वादोन लाखांच्या पुढे चालला होता. दुसरा पर्याय त्याने दिला तो जुन्या चौकटीच्या आतच नवी फ्रेम बसवायचा. तोडफोड वाचते, पण खिडकी चारी बाजूंनी दोन दोन इंच लहान होते, आणि कुजलेलं लाकूड तसंच आत झाकलं जातं. हे मला अजिबात पटलं नाही.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. ते विरोधाचं काही बोलले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "काढायच्या आधी एकदा सुताराला दाखव गं. ते चंद्रपूरकडचं, बल्लारशाचं सागवान आहे, मी स्वतः टिंबर मार्केटमध्ये उभं राहून एकेक फळी निवडली होती." (अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहूनच सागवान गेलं, तेव्हापासून त्यांना याचा अभिमान जरा जास्तच आहे, आणि का नसावा.)

मग सुतारकाका आले. त्यांनी काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय. हातात एक साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते अकराही खिडक्यांपाशी गेले आणि प्रत्येक झडपेची खालची पट्टी, दोन्ही खालचे कोपरे आणि चौकटीचा खालचा भाग टोचून बघितला. वरचं त्यांनी फारसं बघितलंच नाही. "ताई, लाकूड नेहमी खालून मरतं, पाणी तिथं थांबतं ना." चांगल्या सागवानात टोक शिरत नाही, कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखं अर्धा इंच जातं. अकरापैकी सात खिडक्या ठणठणीत निघाल्या! नुसता रंग गेलेला, बिजागऱ्या झिजलेल्या, स्क्रू सैल झालेले. झडप खाली झुकली होती म्हणून घासत होती, आणि आम्ही समजत होतो की लाकूड बाद झालं. पश्चिमेच्या तीन खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या कुजल्या होत्या, तेही कोपऱ्यांतच. पुण्यात पाऊस बहुतेक पश्चिमेकडून, नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पूर्वेच्या खिडक्या ४५ वर्षांनी पण नव्यासारख्या आणि पश्चिमेच्या म्हाताऱ्या. आणि अकरावी, स्वयंपाकघरातली, तिच्या चौकटीला भिंतीतून वाळवी लागलेली. बाहेरून रंगाने छान दिसत होती, बोटाने दाबली तर आत पोकळ.

म्हणजे प्रश्न "खिडक्या बदलायच्या का" असा नव्हताच, प्रश्न एकेका खिडकीचा होता. अकरांना एकच उत्तर द्यायचं ही आमची चूक होत होती आणि कोटेशन देणाराही तसंच धरून चालला होता.

त्या गळणाऱ्या खिडकीचं पुढे ऐका. सुतारकाकांनी बागेचा पाइप मागितला. आधी नुसत्या झडपांवर खालच्या बाजूला पाणी मारलं, पाच मिनिटं, आत काही नाही. मग चौकट आणि भिंतीच्या मधल्या फटीवर, थोडंसं ओलं झालं. मग पाइप वर छज्ज्यावर धरला आणि दोन मिनिटांत आत धार लागली! छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे लांबलचक भेग होती, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच असते ना, पाणी तिथेच तुटून खाली पडावं म्हणून, ती कधीतरी प्लॅस्टर करताना बुजवून टाकलेली, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीवर आणि भिंतीवरून चौकटीत. यूपीव्हीसीची नवीकोरी खिडकी बसवली असती तरी पुढच्या जूनमध्ये आम्ही टॉवेलच पिळत बसलो असतो. हे कळल्यावर मी खरंच हादरले. तुमची खिडकी गळत असेल तर कोटेशन मागवायच्या आधी पाइप घेऊन खालून वर असं तपासाच, वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

काम मात्र आम्ही लगेच केलं नाही. सुतारकाका म्हणाले पावसाळ्यात रंधा मारायचा नाही. फुगलेली झडप आता घासून बसवली की मार्चमध्ये लाकूड आकसतं आणि बोटभर फट पडते, मग त्या फटीतून पुढचा पाऊस. शिवाय ओल्या लाकडावर ऑइल पेंट मारला की ओल आतच कोंडते आणि कूज जोरात वाढते. म्हणून दिवाळीचा नाद सोडून फेब्रुवारीत काम काढलं. पश्चिमेच्या तीन खिडक्यांना कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून जुन्या सागवानाचा जोड दिला, बिजागऱ्या बदलल्या (पितळी बिजागऱ्या जुन्या बाजारात रविवारी मिळाल्या, जुन्या मापाच्या, त्याच भोकांत बसल्या), लांबी नव्याने भरली, छज्ज्याची भेग आणि खाच गवंड्याकडून करून घेतली. सुताराचे नऊ दिवस, गवंडी, रंग सगळं धरून ३८ हजार झाले.

रंग खरवडण्याबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे १९७९ च्या खिडकीवर जे थरावर थर आहेत ते सगळे त्याच्या आधीचे. कोरडा सँडपेपर मारला की ती धूळ घरभर होते आणि लहान मुलांना शिसं सगळ्यात जास्त घातक, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे. आम्ही झडपा उतरवून अंगणात नेल्या, ओलं करून खरवडलं, खाली प्लॅस्टिक अंथरलं, खरवडलेलं सगळं गोळा करून पिशवीत बांधलं, आणि ते चार दिवस मुलीला आजोळी पाठवलं. कामगारांनाही मास्क द्या, ते मागत नाहीत.

स्वयंपाकघरातली खिडकी मात्र बदलली. आधी वाळवीची ट्रीटमेंट, मग ॲल्युमिनियमची थ्री ट्रॅक, म्हणजे तीन रुळांवर सरकणारी स्लायडिंग खिडकी, तिसऱ्या ट्रॅकवर मच्छरजाळी. स्लायडिंगमध्ये खिडकी पूर्ण कधीच उघडत नाही, झडपांची सवय असली की हे रोज जाणवतं, पण ओट्यावर झडप उघडायला जागा नव्हती आणि रोलर बिघडला तर कोपऱ्यावरचा दुकानदार बदलून देतो. खालच्या ट्रॅकला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती साफ ठेवा, बुजली की ट्रॅक भरून पाणी घरात येतं.

सगळ्यांनी दुरुस्तीच करावी असं मी म्हणणार नाही. माझी बहीण डोंबिवलीला रेल्वेलाइनला लागून राहते, तिच्याकडे बिल्डरने लावलेल्या लोखंडी सेक्शनच्या खिडक्या गंजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या, त्यात वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिला आवाजाचा त्रास होता, म्हणून तिने स्लायडिंग न घेता गास्केटवर (कडेच्या रबरी पट्टीवर) घट्ट दाबून बंद होणाऱ्या झडपांच्या यूपीव्हीसी खिडक्या आणि लॅमिनेटेड काच (मध्ये पातळ थर घालून चिकटवलेल्या दोन काचा) घेतली, कारण स्लायडिंगच्या दोन झडपांमध्ये फक्त ब्रश असतो आणि तिथून आवाज येतोच. सोसायटीकडून आधी लेखी परवानगी काढली, बाहेरचा रंग सगळ्यांसारखाच ठेवला. आता तिचं बाळ दुपारी झोपतं. तिच्यासाठी तोच पैसा योग्य होता. आमच्याकडे दिवसभर खिडक्या उघड्याच असतात, आम्ही लॅमिनेटेड काचेचं काय करणार होतो?

स्वयंपाकघराच्या जुन्या झडपा सुतारकाकांनी टाकू दिल्या नाहीत. त्यात १९७९ ची फुलांच्या नक्षीची काच होती, तशी हल्ली दुकानात मिळत नाही, आणि आमच्या हॉलच्या खिडकीतली तशीच एक काच आठ वर्षांपासून तडकलेली होती, तिथे आम्ही साधी काच लावायची ठरवून गप्प बसलो होतो. त्यांनी लांबी फोडून चारही तावदानं अखंड काढली, एक हॉलमध्ये बसवली, उरलेली तीन वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांनी माळ्यावर ठेवली आहेत आणि वर खडूने लिहिलंय, खिडकीच्या काचा, फोडू नये.